गरम, कोरड्या वाऱ्यात जास्वंद : लागवडीच्या नोंदी

जागा उघडी आणि सपाट, पश्चिमेला काहीही आडोसा नाही. उन्हाळ्यात दुपारचं तापमान ४० ते ४३ अंश, आर्द्रता १५ टक्क्यांपर्यंत खाली, आणि बारापासून सूर्यास्तापर्यंत वारा. माती मध्यम, चुनखडीची. जास्वंदीची वीस झाडं, सोबत बोगनवेल, कण्हेर, चाफा, टेकोमा, मोगरा, एक्झोरा, हेलिकोनिया, अनंत. महिने आपापल्या ऋतूप्रमाणे सरकवून घ्यावेत; पाळायची गोष्ट एकच, लागवड आणि कडक उन्हाळा यांत किमान चार-पाच महिने हवेत.

२८ सप्टेंबर : वाऱ्याची दिशा

बांबूच्या काठ्या रोवून त्यांना ३० सेंमी आणि दीड मीटर उंचीवर प्लास्टिकच्या फिती बांधल्या. फितींनी दाखवलेली दिशा नैर्ऋत्य. ती उपयोगाची नाही, कारण हा पावसाळी वारा. उन्हाळी झळा कुठून येतात ते जागेवरच्या जुन्या झाडांनी सांगितलं: शेंडे पूर्व-आग्नेयेला झुकलेले, आणि पानं वायव्येच्या बाजूनेच करपलेली. आडोसा त्या हिशोबाने आखला. ऋतू बदलला की वारा दिशा बदलतो, त्यामुळे एका आठवड्याच्या फितींवर भिस्त ठेवून खांब रोवू नयेत.

फितींचा एक फायदा मात्र झाला. इमारतीच्या कोपऱ्याजवळची फीत मधल्या मोकळ्या जागेपेक्षा जोरात फडफडत होती. कोपऱ्यावर आणि दोन भिंतींमधल्या बोळात वारा दाटतो आणि वेग घेतो. तिथे जास्वंद लावायची नाही असं तेव्हाच ठरवलं.

२ ऑक्टोबर : माती आणि पाणी

निचऱ्याची चाचणी: ४५ सेंमी खोल खड्डा पाण्याने भरून जिरू दिला, पुन्हा भरला आणि दुसऱ्या वेळी पातळी तासाला किती उतरते ते मोजलं. अडीच ते पाच सेंमी उतरली तर जास्वंदीला चालतं. इथे चार सेंमी. एका कोपऱ्यात जेमतेम एक सेंमी, म्हणून तिथे जमिनीपेक्षा २५ सेंमी उंच वाफा.

मातीचा सामू (पीएच, आम्ल-विम्लतेचं माप) ८.१. कोरड्या ढेकळावर व्हिनेगर टाकल्यावर लगेच बुडबुडे आले, म्हणजे मोकळा चुना भरपूर. अशा मातीत गंधक टाकून सामू खाली आणायचा नाद सोडून द्यावा. चुना संपेपर्यंत गंधक टाकत राहावं लागतं, आणि तो संपत नाही. पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचं माप) १.२. चालेल, पण क्षार साचत जाणार हे गृहीत धरून पाण्याचं नियोजन करायचं.

९ ऑक्टोबर : जाळीचा आडोसा

लोक आधी खत विचारतात, मग सावली, आणि वाऱ्याचं नाव सगळ्यात शेवटी. क्रम उलटा हवा. ३० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला हवा पानातून जितकं पाणी ओढते त्याच्या तिपटीहून जास्त ओढ ४२ अंश आणि १५ टक्क्यांना असते, आणि वारा पानाभोवतीची दमट हवा टिकूच देत नाही. मुळं ओली असूनही शेंडे करपतात ते यामुळे.

साहित्य: ५० टक्क्यांची शेडनेट, पावणेतीन मीटरचे लोखंडी पाइप, १२ गेजची जस्ताची तार. पाइप ७५ सेंमी जमिनीत, पायथ्याशी काँक्रीट, दोन खांबांत दोन मीटर अंतर. टोकाच्या खांबांना तिरके टेकू. तारेच्या तीन ओळी: वर, मध्ये, खाली.

जाळी खांबांच्या वाऱ्याकडच्या बाजूला बांधायची. वारा मग तिला खांबांवर दाबतो. आतल्या बाजूने बांधली तर सगळा ताण बांधण्यांवर येतो आणि पहिल्या वादळात ती सुटून येते. ताशी ६० किमी वाऱ्याचा दाब सपाट पृष्ठभागावर चौरस मीटरला साधारण १७ किलो पडतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. अर्धा वारा जाळीतून निघून गेला तरी दोन बाय दोन मीटरच्या एका पाखावर चांगलंच वजन येतं.

एका टोकाला शिल्लक पत्रे उभे करून पाहिले. पत्र्याच्या लगेच मागे शांत, पण थोडं पुढे गेलं की वरून कोसळणारा वारा भोवरे करतो. तिथली फीत दर क्षणाला दिशा बदलत होती. पत्रे काढले. वारा अडवायचा नाही, गाळायचा. दोन मीटर उंच जाळीच्या मागे चार ते दहा मीटरपर्यंतचा पट्टा सगळ्यात चांगला सांभाळला जातो. परिणाम वीस मीटरपर्यंत जाणवतो, पण जास्वंदीने त्यावर विसंबू नये.

जाळीच्या आत, सव्वा मीटरवर, कण्हेरीची ओळ लावली. झाडांतलं अंतर ८० सेंमी. पुढे तीच खरा आडोसा होणार. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे: छाटणीचा कचरा जनावरांपुढे टाकायचा नाही, जाळायचाही नाही, हातमोजे हवेतच.

१६ ऑक्टोबर : आडोशातल्या त्रुटी

आठवड्यात तीन गोष्टी बिघडल्या.

जाळीखाली १५ सेंमी फट राहिली होती. त्या फटीतून वारा जमिनीलगत जोराने घुसत होता आणि धूळ नेमकी रोपांच्या उंचीवर मारत होता. जाळीची खालची कड २० सेंमी चरात पुरून माती दाबली.

पांढऱ्या प्लास्टिक पट्ट्यांनी बांधलेली जाळी दोन ठिकाणी सुटली. या पट्ट्या उन्हाने ठिसूळ होतात. काळ्या, अतिनील-रोधक पट्ट्या किंवा पातळ जस्ताची तार वापरावी. जाळीची कड तारेवर दुहेरी गुंडाळून मध्ये बांबूची चीप घालायची. नुसत्या छिद्रातून बांधलं की तिथूनच फाटते.

जाळीच्या दोन्ही टोकांना वारा वळसा घालून वेगाने आत येत होता. टोकं ४५ अंशांत आत वळवून दीड-दीड मीटर वाढवली. वाढीव खांबांसाठी दोन दिवस आणि जवळपास पंचमांश जादा साहित्य गेलं. आखणीतच धरलं असतं तर वाचलं असतं.

२४ ऑक्टोबर : वाणांची निवड

वाऱ्यासाठी निवडीचा नियम: लहान पान, जाड पान, एकेरी फूल. गावठी लाल एकेरी जास्वंद या बाबतीत पहिली. भरगच्च डबल आणि ताटाएवढ्या फुलांचे संकरित वाण वाऱ्यात दोन प्रकारे मार खातात: फुलाचं वजन देठाला पेलत नाही आणि पाकळ्यांच्या कडा दुपारपर्यंत फाटतात. वीसमध्ये बारा गावठी एकेरी, पाच एकेरी संकरित, तीन डबल. मिरची जास्वंदही हाताशी असावी. तिचं फूल उघडतच नाही, त्यामुळे फाटायला काही नसतं.

कलमी रोपांच्या जोडाखाली आलेले फुटवे लगेच मुळापासून मोडायचे. ते खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या झाडाचे असतात आणि वरचा वाण दाबून टाकतात.

रोपं सावलीतून आलेली. सरळ उन्हात ठेवलेल्या दोन रोपांच्या पानांवर दुसऱ्याच दिवशी पांढुरके, कागदासारखे कोरडे चट्टे. हा रोग नाही, उन्हाचा चटका आहे; ती पानं परत हिरवी होत नाहीत. बाकीची सकाळच्या दोन तास उन्हापासून सुरू करून दोन आठवड्यांत पूर्ण उन्हात आणली.

६ नोव्हेंबर : लागवड

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या तिप्पट रुंद, पण गोळ्याइतकाच खोल. खोल खणून खालची माती भुसभुशीत केली की झाड नंतर खाली बसतं आणि बुंधा मातीत जातो. खड्ड्यात खणलेलीच माती, फक्त पाचवा हिस्सा कुजलेलं शेणखत मिसळून. निव्वळ खत आणि कोकोपीट भरलं तर मुळं त्या मऊ खड्ड्याबाहेर पडत नाहीत, आणि भोवतीची माती घट्ट असेल तर पाणी तिथेच साठतं.

पिशवी काढल्यावर गोलगोल फिरलेली मुळं धारदार सुरीने तीन-चार उभ्या रेघा मारून कापली. नाही कापली तर झाड वर्षभर छान दिसतं आणि मग एखाद्या वाऱ्यात अख्खं कलंडतं, कारण बाहेर मुळं गेलेलीच नसतात.

गोळ्याची वरची पातळी जमिनीपेक्षा दोन सेंमी वर. झाडांतलं अंतर दीड मीटर. लगेच भरपूर पाणी, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आच्छादन पालापाचोळ्याचं, सहा-सात सेंमी जाड, बुंध्यापासून एक वीत लांब. सुटा पाला वाऱ्याने दोन दिवसांत जाळीला जाऊन चिकटला. त्यावर लाकडाचे जाड ढलपे टाकून पाणी मारल्यावर थांबला.

बोगनवेलीची मुळं फार नाजूक; गोळा फुटला की झाड बसतं. पिशवीचा तळ कापून ती खड्ड्यात ठेवली आणि मग बाजूचं प्लास्टिक चिरून वर ओढून काढलं. एकही गेलं नाही.

२० नोव्हेंबर : काठ्या

दोन दिवसांच्या वाऱ्यानंतर सात झाडांच्या बुंध्याभोवती मातीत बोटभर फट पडली होती. झाड हलतं, बुंधा मातीत वर्तुळ करतो, आणि नवा जारवा (बारीक तंतुमुळं) तुटत राहतो. वरून काही दिसत नाही. झाड फक्त वाढत नाही.

आधी एकेक उंच काठी लावून खोड वरपर्यंत घट्ट बांधलं होतं. बांधलेल्या जागी साल सोलली आणि त्याच्या वर खोड वाकलं. ते काढून प्रत्येक झाडाला दोन आखूड काठ्या, खोडाच्या दोन बाजूंना, वाऱ्याच्या आडव्या रेषेत. बांधणी झाडाच्या एक तृतीयांश उंचीवर, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने, इंग्रजी आठच्या आकारात, सैल. वरचा भाग हलायलाच हवा. हलण्यानेच खोड जाड होतं. फटी मातीने भरून पायाने हलक्या दाबल्या.

डिसेंबर-जानेवारी

रात्री गार, वाढ मंद. पाणी कमी केलं, खत बंद. दर पंधरवड्याला काठ्यांच्या बांधण्या तपासल्या. बाकी नोंदवण्यासारखं नाही.

१२ फेब्रुवारी : शेंडे खुडणे, खत

जास्वंदीला फूल नव्या फुटीवर येतं. जोरात छाटणी केली की फुलं यायला आठ-दहा आठवडे लागतात, म्हणजे आता छाटलं तर नव्या कोवळ्या फुटी नेमक्या झळांत सापडणार आणि उघडं पडलेलं खोड भाजणार. म्हणून फक्त शेंडे खुडले. वायव्येकडच्या फांद्यांना हातही लावला नाही. त्या बाकीच्या झाडाला झाकतात.

खतात स्फुरद (फॉस्फरस) कमी, पालाश (पोटॅश) जास्त हा जास्वंदीचा कायदा. हाडांचा चुरा, डीएपी, १९:१९:१९ यांतलं स्फुरद चुनखडीच्या मातीत साचतं आणि लोह-जस्त आणखी अडवतं. १० लिटर पाण्यात ५ ग्रॅम १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) आणि ५ ग्रॅम अमोनियम सल्फेट, ओल्या मातीत झाडाला दोन लिटर, दर दहा दिवसांनी. पारा चाळिशीपार गेला की हेच अर्ध्या ताकदीने. म्युरेट ऑफ पोटॅश नको. त्यातलं क्लोराइड आधीच्या क्षारांत भर घालतं.

१८ मार्च : पाण्याचा हिशोब

एक मिलिमीटर पाणी एका चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर. झाडाचा घेर ८० सेंमी व्यासाचा धरला तर क्षेत्र अर्धा चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिमी बाष्पीभवन धरलं तर चार लिटर, वाऱ्याच्या दिवशी ११ मिमी धरलं तर साडेपाच. ड्रिपरमधली तूट धरून पाच ते साडेसहा.

प्रत्येक झाडाला ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर, बुंध्यापासून ३० सेंमीवर, समोरासमोर. पहाटे ४० ते ५० मिनिटं. दर पंधरा दिवसांनी एकदा दुप्पट वेळ, म्हणजे वर साचलेले क्षार मुळांखाली उतरतात. चालू असताना लोखंडी सळई दाबून पाहायची: जिथे सहज जाणं थांबतं तिथवर ओल. ३० ते ३५ सेंमी पुरे.

पहिल्या आठवड्यात पाच ड्रिपर चुन्याने बंद. गाळणी असूनही हे होतंच. महिन्यातून एकदा व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवून ठेवायचे, आणि दर आठवड्याला लॅटरलची टोकं उघडून नळी धुऊन काढायची.

४ एप्रिल : दुपारी मान टाकलेली झाडं

पारा ४१. तीन वाजता सगळ्याच डबल जास्वंदी आणि दोन संकरित लोंबकळलेल्या. इथेच बहुतेक झाडं मारली जातात, जास्त पाणी घालून.

आधी माती पाहायची. १५ सेंमी खालची माती मुठीत दाबल्यावर गोळा झाली तर पाणी आहे. मुळं हवेच्या ओढीला पुरी पडत नाहीत एवढंच. सूर्यास्तानंतर पानं पुन्हा उभी राहिली तर काहीही करायचं नाही. पहाटेही पानं लोंबलेली असतील तर खरी तहान, नाहीतर मुळांचं दुखणं.

तीन झाडांना आठवडाभर दुपारी जादा पाणी दिलं गेलं. खालची पानं पिवळी पडून गळली. एकाची माती बाजूला केली तर आंबूस वास, आणि जारवा चिमटीत धरून ओढल्यावर तपकिरी साल निसटून हातात, आत नुसता पांढरा दोरा उरलेला. ते झाड गेलं. उरलेल्या दोघांचं पाणी चार दिवस थांबवून आच्छादन बाजूला सारलं, माती वाफशावर आणली, म्हणजे ओलही राहील आणि हवाही खेळेल इतकी सुकू दिली; वाचली, पण महिनाभर मागे पडली.

१५ एप्रिल : वरची सावली

३५ टक्क्यांची काळी शेडनेट झाडांपासून जेमतेम ४० सेंमीवर ताणली होती. दुपारी जाळीखाली थर्मामीटर बाहेरच्यापेक्षा दोन अंश जास्त. काळी जाळी तापते, आणि गरम हवेला निघायला जागा नव्हती. त्यातच वारा आला की जाळी शेंड्यांवर घासून कळ्या तोडत होती.

जाळी सव्वादोन मीटरवर नेली, पूर्व बाजू पूर्ण उघडी, आणि फक्त दुपारी दोननंतरचं ऊन अडेल अशी पश्चिमेकडे कललेली. सकाळचं ऊन पूर्ण मिळायलाच हवं, नाहीतर पानं भरपूर आणि कळ्या नाहीत. ५० टक्क्यांची जाळी जास्वंदीला जास्त होते. उघड्या पडलेल्या जाड फांद्यांच्या पश्चिम बाजूला पाण्यात निम्मा पातळ केलेला पांढरा रंग लावला, पाण्यात विरघळणाराच. ऑइल पेंट नाही.

२३ एप्रिल : कुंड्या

काळ्या प्लास्टिकच्या १२ इंची कुंड्यांत चार झाडं होती. कुंडीच्या पश्चिम काठापासून पाच सेंमी आत मातीचं तापमान दुपारी चारला ४६, पूर्वेकडे ३६. एक झाड उपटून पाहिलं. गोळ्याच्या पूर्व अर्ध्या भागावर पांढरी टोकं असलेला जारवा, पश्चिम अर्ध्यावर सगळा तपकिरी, बोटाने चोळला की भुगा. रेघ मारल्यासारखी हद्द. वरून झाडाची लक्षणं मात्र पाणी कमी पडल्याची.

उपाय: प्रत्येक कुंडी तिच्याहून दोन माप मोठ्या कुंडीत, मधली जागा वाळक्या पाल्याने भरलेली. बाहेरच्या कुंडीला पांढरा रंग. सगळ्या कुंड्या आडोशामागे एकमेकींना चिकटून. मिश्रणात तिसरा हिस्सा जाड वाळू किंवा बारीक खडी, वजनासाठी. निव्वळ कोकोपीटची कुंडी वाऱ्यात पडतेच. शिवाय कोकोपीट एकदा पूर्ण सुकलं की आकसून काठ सोडतं, आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून तळाशी निघून जातं. खाली पाणी आलं म्हणून पाणी पोचलं असं वाटतं. अशी कुंडी घमेल्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायची.

३ मे : कळीगळ

गळलेल्या कळ्या उचलून ब्लेडने उभ्या चिराव्यात. अंदाजाने फवारण्यापेक्षा हे दोन मिनिटांत कळतं.

वाटाण्याएवढी हिरवी कळी, आत काहीही नाही: उष्णता किंवा पाण्याची ओढाताण. इथल्या गळीपैकी बहुतेक अशीच, आणि ज्या दिवशी पहाटेचं पाणी चुकलं त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढलेली. उपाय वेळेवर पाणी, दुसरं काही नाही.

मोठी, रंग दिसू लागलेली कळी पिवळी पडून गळते, आत पुंकेसरांच्या तळाशी दोन-तीन मिमीच्या फिकट अळ्या, काही चक्क उडी मारतात: कळीमाशी. अळी कळीच्या आत, त्यामुळे वरचा फवारा पोचत नाही. पूर्ण वाढलेली अळी मातीत उतरून कोष करते. चक्र तीन-चार आठवड्यांचं. रोज संध्याकाळी पडलेल्या आणि पिवळ्या पडू लागलेल्या कळ्या गोळा करून प्लास्टिक पिशवीत बांधून उन्हात ठेवायच्या, खताच्या खड्ड्यात नाही. महिनाभर नेमाने केल्यावर ही गळ जवळपास थांबली. एक दिवसाआड केलं तर काही उपयोग नाही.

पाकळ्यांच्या कडा तपकिरी आणि कळी वेडीवाकडी: फुलकिडे. पांढऱ्या कागदावर फूल झटकलं की बारीक रेघांसारखे चालताना दिसतात. डबल फुलांत जास्त, लपायला जागा असते म्हणून.

१२ मे : पिवळी पानं

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या: लोहाची कमतरता. जुनी पानं शिरांच्या मधून पिवळी: मॅग्नेशियमची. दोन्हींत गल्लत करून एप्सम मीठ (मॅग्नेशियम सल्फेट) ओतत राहणं फार चालतं. इथेही नव्या पानांच्या पिवळेपणावर आधी तेच पडलं आणि तीन आठवडे वाया गेले.

हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून पाहिला. सामू ८.१ ला लोह लगेच अडकतं, फरक नाही. चिलेट म्हणजे लोह धरून ठेवणारं संयुग; ईडीटीएचं चिलेट साडेसहा सामूच्या वर टिकत नाही, डीटीपीए साडेसातपर्यंत. अशा मातीत चालतं ते ईडीडीएचए, लाल-तपकिरी भुकटी, लोह ६ टक्के. महाग आहे, पण लागतं थोडं: झाडाला ७ ग्रॅम पाच लिटर पाण्यात, ड्रिपरखालच्या ओल्या मातीत. संध्याकाळी द्यायचं आणि वरून आच्छादन ओढायचं, कारण उजेडात ते नासतं. अठरा दिवसांत नवी पानं हिरवी.

२१ मे : लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण

कोरड्या, धुळीच्या हवेत कोळी हमखास. पानावर बारीक फिकट ठिपके, खाली धूळ चिकटलेलं जाळं. पहाटे पाण्याची जोरदार फवार पानांच्या खालून, तीन दिवसांच्या अंतराने तीनदा. एवढ्याने निम्म्याहून जास्त काम होतं. नंतर निंबोळी तेल ५ मिली आणि द्रवरूप साबण १ ते २ मिली प्रति लिटर, सूर्य मावळल्यावर. ३२ अंशांच्या वर फवारलं तर पानंच भाजतात. गंधकालाही तोच नियम. पायरेथ्रॉइड गटातली औषधं टाळा. ती कोळ्यांना खाणारे किडे मारतात आणि कोळी आधीपेक्षा वाढतात.

गुलाबी पिठ्या ढेकणाची खूण शेंड्यावर: पानं सुरकुतून गुच्छ होतो, पेरं आखडतात. या किडीने १९९४ साली ग्रेनाडा बेटावर मुक्काम ठोकला आणि तिथल्या जास्वंदीची दैना केली. आटोक्यात आणली ती औषधांनी नव्हे, तर ॲनागायरस कामाली ही परजीवी गांधीलमाशी आणि क्रिप्टोलेमस हा भुंगेरा सोडून. इथे गुच्छाच्या पाच सेंमी खालून शेंडे कापून पिशवीत बंद केले आणि बुंध्याला चिकटपट्टी लावून मुंग्या तोडल्या. मुंग्या असतील तर बाकी सगळं व्यर्थ. एक सावधगिरी: क्रिप्टोलेमसची अळीही पांढरी, मेणचट असते. पिठ्या ढेकणापेक्षा मोठी, तंतू लांब आणि चालायला चपळ. ती दिसली तर हात आवरावा.

३० मे : बाकीची झाडं

टेकोमा: वाऱ्याची, उन्हाची, चुन्याची कशाचीच तक्रार नाही. शेंगा वेळीच कापल्या नाहीत तर सगळीकडे रोपं उगवतात.

बोगनवेल: पाणी जितकं तोडलं तितका रंग. जास्वंदीच्या ठिबक ओळीवर होत्या तेव्हा नुसती पानं. वेगळी ओळ करून आठवड्यातून एकदा पाणी दिल्यावर भरल्या.

चाफा: उत्तम. फांदी लावायची तर चीक पुसून दोन आठवडे सावलीत वाळवूनच.

मोगरा: आडोशाला लागून बरा.

एक्झोरा: चुनखडीत आठवड्यात पिवळा. आम्ल मिश्रणाच्या कुंडीत हलवला तरच जगतो.

हेलिकोनिया: पानांच्या चिंध्या. भिंतीच्या पूर्वेला, कायम ओलीत हलवला. उघड्यावर नादच नको. हौस असेल तर कर्दळ, तिचीही पानं फाटतात पण नवी लवकर येतात.

अनंत: कळ्या एकूण एक गळाल्या. काढून टाकला.

११ जून : वादळ

पहिल्या पावसाआधीच्या वावटळीत वरची सावलीची जाळी एका बाजूने फाटली. आडोशाची जाळी शाबूत. वरची जाळी एप्रिल ते जूनची सुरुवात एवढीच ठेवायची आणि ढग दिसू लागले की उतरवायची. ती सोडायला हुक असावेत, तार पिळून बांधलेली नसावी. दोन डबल जास्वंदींच्या फांद्या बेचक्यात फाटल्या. कापून साफ केल्या.

पाऊस लागल्यावर ठिबक बंद, आच्छादन निम्मं.

५ जुलै : छाटणी, फाटे, खर्च

आता मोठी छाटणी: एक तृतीयांशपर्यंत, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर. निघालेल्या निमपक्व फांद्यांचे १२ ते १५ सेंमीचे फाटे, वर दोन पानं अर्धी कापून, ०.३ टक्के आयबीए (मुळं फुटवणारं संप्रेरक) भुकटीत बुडवून वाळू-कोकोपीटमध्ये. वारा लागला तर सुकतात, म्हणून वर तळ कापलेली बाटली, टोपण उघडं. गावठी लाल सहज लागते. संकरित वाणांत निम्मे लागले तरी पुष्कळ.

खर्चात निम्म्याच्या आसपास वाटा खांब, तार आणि आडोशाच्या जाळीचा, त्याखालोखाल ठिबक. रोपं तिसऱ्या क्रमांकावर, खत-औषधं नगण्य. जिवंत जास्वंदी वीसपैकी अठरा. दुसरं गेलेलं झाड डबल, टोकाच्या खांबाजवळचं.

कण्हेर दीड मीटरवर आली आहे. ती जाळीइतकी होईपर्यंत जाळी काढायची नाही, आणि काढताना एकदम नाही: आधी वरचा अर्धा भाग, एक उन्हाळा तसा काढून मग खालचा, कारण कण्हेरीचा बुंधा सगळ्यात शेवटी भरतो आणि तोवर वारा तिथूनच आत येतो. खांब मात्र तसेच ठेवायचे. एखादी कण्हेर मेली तर त्या खिंडारात तात्पुरती जाळी ताणता येते.